डहाळीवरचा दगड

आमच्या बिजलीला चोर कळायचा नाही, पाहुणा कळायचा नाही. तिला फक्त पँट कळायची. धोतरातला माणूस वस्तीवर आला तर ती शेपूट हलवायची. पँटीतला आला, की त्याला उंच जागा शोधावी लागायची.

त्या शनिवारी मी कॅनॉलवरून धुणं घेऊन आले, तर कडब्याच्या गंजीवर एक जण चढून बसला होता. खाली बिजली. सायकल आडवी पडलेली, तिचं मागचं चाक अजून फिरतंय. गड्याच्या गळ्यात काळी दुर्बीण, एका पायात चप्पल... आणि दुसरी चप्पल बिजलीच्या तोंडात.

"वरनं काय दिसतंय?" मी विचारलं.

"मरण," तो म्हणाला.

"मग दुर्बिणीतनं बघा की. आनखी जवळ दिसंल."

तो हसला. घाबरलेला माणूस ओरडतो, शिव्या देतो, हाताशी दगड शोधतो. हा हसला. ते मी ध्यानात ठेवलं.

"दादासो देवकाते इथंच राहतात ना? आणि तुम्ही त्यांच्या..."

"धाकटी. नकोशी."

नाव ऐकून तो बिचकला. शिकलेली माणसं माझं नाव ऐकून अशीच बिचकत, जणू त्यांच्याच हातून काही सांडलं.

"बिचकू नका," मी म्हटलं. "तिसरी बी पोरगीच झाली म्हनून ठिवलं. पर आता समद्या वस्तीला मीच लागते. बघा की, तुमाला बी लागलेच. बिजली, सोड ती चप्पल!"

बिजलीनं चप्पल सोडली. तो खाली उतरला, कडबा झटकला आणि ओली चप्पल तशीच पायात घातली. म्हणाला, "मी सिद्धू मासाळ. वालचंदनगरला कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात आहे. आमचं पक्षीमंडळ आहे. उद्या ट्रिप निघायची, त्याचं आबांना सांगायला आलो."

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या माघातली. लासुर्ण्याच्या शिवारात आमची वस्ती. तेव्हा आमच्याकडं मेंढरं होती. दर साली दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी आणि सगळं बिऱ्हाड, भोरवरून घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाआधी परत यायचा. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चाळीस वर्षं त्या घाटात गेली. त्या साली मात्र चुलत्यानं मेंढरं नेली होती आणि आबा घरी होते. त्यांच्या सोबतीला मी. आदल्या साली ह्या कंपनीतल्या हौशी लोकांना आबांनी घाटमाथा दाखवला होता. परतताना त्यांच्यातल्या लीलाबाईंना शब्द दिला होता, 'फुडल्या माघात तुमाला गिधाडाचं पिल्लू दावतो. घरट्यात बसल्यालं.'

आणि आता आबा घोंगडीवर बसून होते. गुरुवारी कॅनॉलच्या कडेला पाय घसरला आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला.

सिद्धूनं गुडघा बघितला आणि तोंड पाडलं. "मग रद्दच करावी लागेल ट्रिप. लीलाबाई म्हणतीलच, धनगर बोलतात फार. दहा वर्षं शोधतायत त्या ते घरटं. गेल्या वर्षीच म्हणाल्या होत्या, असं काही तिथं नसणार, म्हातारा थापा मारतोय."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. आबांना राग आला, की ते हळू बोलत. "ट्रिप रद्द हुती. शब्द रद्द हुत न्हाय. नकोशी येईल तुमच्यासंगं."

"या? या कधी गेल्यात का तिकडं?"

"आईच्या पोटात असल्यापास्नं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी धुणं वाळत घालत होते. पिळलेलं लुगडं मी असं झटकलं, की त्याच्या चष्म्यावर पाणी उडालं. चष्मा पुसता पुसता तो म्हणाला, "बरं... पहाटे फाट्यावर या."

रात्री आबांनी मला जवळ बोलावलं. "पोरी, चाळीस वर्सं मी त्या घाटात खोटं बोललो न्हाय."

एवढंच बोलले. तेवढं पुरे होतं.

*

मेटॅडोर घाटमाथ्यावर थांबली तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. दरीत धुकं दुधाच्या सायीसारखं पसरलं होतं आणि वारा असा, की बोलायला तोंड उघडलं तर दात गार पडावेत. बारा माणसं उतरली. डोक्यावर टोप्या, गळ्यात दुर्बिणी. सगळ्यांत पुढं लीलाबाई. वालचंदनगरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पायात पांढरे कापडी बूट, काखेत छत्री. फाट्यावर मला बघितल्यापासून त्यांच्या कपाळावर आठी होती, ती घाटातल्या वळणांनीही मोडली नव्हती.

"अगं मुली, आपण पक्षी बघायला निघालोय. सरपण गोळा करायला नाही."

"सरपन बी लागंल बाई. दुपारचा चहा प्यायचा आसंल तर."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघितलं तर सिद्धू चष्मा पुसत होता.

मी पदर खोचला, काठी घेतली आणि पुढं झाले. आमच्यात हीच रीत. मेंढरं पुरुष हाकतात. बायका घोड्यांवर संसार लादून त्यांच्या आधी निघतात. पुढचा मुक्काम कुठं, पाणी कुठं, चूल कुठं, हे बाई ठरवते. पुरुष मागून येतात. बाईनं मागं वळून बघायचं नसतं. तिनं पुढचं बघायचं.

पण त्या दिवशी मी दोनदा वळून बघितलं. दोन्ही वेळेला सिद्धू माझ्या पाठीशीच होता, धापा टाकत.

"जरा हळू चाला की."

"घोडी ह्याच्यापरास बिगीनं चालत्यात."

"मी घोडा नाही हो."

"दिसतंय."

ओढ्याच्या अंगानं शीळ आली. लांब, सुरेल, कुणी माणूसच झाडामागं बसलंय असं वाटावं. तो जागीच थांबला. डोळे मोठे झाले. "कस्तूर!" तो कुजबुजला.

"आमी त्याला रिकामटेकडा म्हनतो. काम ना धाम, पान्याकडंला बसून नुसती शीळ."

"शीळ घालणारे सगळेच रिकामटेकडे नसतात."

"तुमी घालता?"

"येत नाही मला."

"मग कामाचं दिसताय," मी म्हटलं आणि लगेच पुढं चालू लागले. कान तापले होते, वारा इतका गार असून.

थोड्या वेळानं त्यानं दुर्बीण माझ्यापुढं धरली. "बघा तर खरं." पट्टा त्याच्या गळ्यातून निघेना, म्हणून तोच जरा वाकला. मी डोळ्याला लावली, आणि समोरचा डोंगर एकदम अंगावर आला! एका वाळक्या पानावर दव होतं, ते मला मोजता आलं. त्याच्या शर्टाला कडब्याचा वास येत होता... कालचाच शर्ट असावा.

"चांगली हाय," मी दुर्बीण सोडली. "पर ह्यातनं कडंचं दिसत न्हाय. एक पाखरू बघाल आन् पायातला साप चुकंल."

"म्हणून तर तुम्ही हव्यात."

तो सहज बोलला. पण मला असं सहज कुणी म्हटलं नव्हतं. मी विषय बदलला. "मासाळ म्हंजी आपल्यातलंच की तुमी."

"हो. मी दोन वर्षांचा असताना बाबांनी मेंढरं विकली आणि कंपनीत लागले. मग घरात मेंढरांचा विषयच निघाला नाही."

"का?"

"विचारलं नाही कधी." त्यानं पायाखालचा खडा उडवला. "बाबा कॅलेंडरवरचा डोंगरसुद्धा फार वेळ बघत नाहीत."

*

गिधाडांचा थोरला कडा आता जवळ होता. मी सगळ्यांना थांबवलं. "हितनं फुडं गलका चालायचा न्हाय. मी आदी जाऊन बघते. पिल्लू हाय का, त्याची आय कुठं हाय. तुमी घटकाभरानं मागनं या. वाट फुटंल तितं मी खून ठिवते."

"समजेल ना रे तुला?" लीलाबाईंनी सिद्धूला विचारलं.

त्याच्या ओठावर काहीतरी आलं होतं. मी ते बघितलं. पण तो नुसता म्हणाला, "हो... समजेल की."

धनगराचं पोर आहे, मला वाटलं. न समजायला काय झालं?

पुढं वाट दोन ठिकाणी फुटली. पहिल्या ठिकाणी उजवीकडची कड्याकडं जाते, डावीकडची खाली घसरणीत. मी कारवीची डहाळी तोडली आणि डाव्या वाटेवर आडवी टाकली. आडवी डहाळी म्हणजे ही वाट बंद. आमच्यात पाळण्यातल्या पोराला कळतं. आजारी म्हातारा असो, अंधार असो, धुकं असो, आडवी डहाळी कुणी ओलांडत नाही. ती टाकणारी बाई पुढं जाऊन बघून आलेली असते.

दुसऱ्या फाट्यालाही तसंच केलं आणि कड्याच्या टोकाला जाऊन पोटावर पडून खाली डोकावले.

होतं! समोरच्या काळ्या कातळात कपार होती, काटक्यांचा ढीग, आणि त्यावर मळकट पांढऱ्या लोकरीचा गोळा. नुकत्या व्यालेल्या मेंढीच्या कोकरासारखं मऊ. त्यानं मान वर केली, डुगडुगली, परत खाली टाकली. आबा खोटं बोलले नव्हते.

त्या कपारीत ऊन अकरापर्यंतच असतं. एकदा सावली पडली, की कातळ कुठला आणि पिल्लू कुठलं, कळत नाही. मी वाट बघत बसले. वाऱ्याला ऊब आली, दरीतून पहिली गिधाडं वर चढू लागली. ऊन कपारीच्या कडेवर सरकलं.

कुणीच येईना.

मी उठले आणि पळत मागं गेले. पहिल्या फाट्यावर पोचले आणि खाली बघितलं. बुटांचे ठसे... डहाळी ओलांडून गेलेले! बारा माणसं, एकामागोमाग एक, बंद केलेल्या वाटेनं गेली होती.

मी तोंडाला हात लावून हाळी दिली. मेंढरं पांगली की देतात तशी. दरीनं ती तीनदा परत केली. मग खालून एक बारीक आवाज आला, "इकडं... इकडं आहोत!"

घसरणीच्या तोंडाशी सगळे अडकले होते. पायाखाली मुरूम सुटत होता. लीलाबाई एका दगडावर बसल्या होत्या, बुटाचा तळ उघडा पडला होता.

"हा तुझा कडा?" त्या कडाडल्या. "पायवाटही धड माहीत नाही आणि निघालीस दाखवायला! दादासोंनी बरं गंडवलं आम्हाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज मी आबांसारखाच खाली ठेवला.

"बाई, मी वाट बंद केलीवती. तुमी वलांडून आला."

"बंद? काडी टाकली होतीस ती!"

"काडी न्हाय, खून हुती. मला येष्टीची पाटी वाचता येत न्हाय, बाई. म्हनून मी चारचौघांत इचारते, ही गाडी कुठं जाती? मला त्याची लाज वाटत न्हाय. तुमी बी इचारायचं हुतं."

मुरूम तेवढा सुर्र सुर्र करत खाली जात होता. मग सिद्धू पुढं आला. तोंड लाल, चष्मा हातात.

"बाई, यांची चूक नाही. माझी आहे. चार वर्षं ऑफिसात बाण काढतोय. डहाळीचं टोक डावीकडं होतं, मला तो बाणच वाटला." तो माझ्याकडं वळला. सगळ्यांसमोर, मान खाली न घालता म्हणाला, "मी धनगराचा मुलगा आहे. आणि खूण म्हणजे काय, हे विचारायला मला लाज वाटली. मला माफ करा."

आमच्याकडं पुरुष चूक करतात, तेव्हा कुत्र्यावर ओरडतात. हा चारचौघांत माझी माफी मागत होता. त्याच घडीला माझ्यात काहीतरी हललं. पण ऊन कपारीवरून सरकत होतं, आणि तो विचार करायला मला वेळ नव्हता.

"माफी मागनं मागा. आदी चढा," मी म्हटलं. "पाऊनेक तास हाय आपल्याकडं."

मागं जाऊन वळसा घेतला असता तर ऊन गेलं असतं. पण घसरणीच्या अंगानं वर एक वाट होती, घोड्यांची. अरुंद, उभी, पण दगड पक्का. आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार लादून तुडवलेली. पुरुषांना ती ठाऊकसुद्धा नसते, आबांनाही नव्हती. मी काठीचं एक टोक लीलाबाईंच्या हातात दिलं, दुसरं माझ्या मुठीत.

"पाय म्होरं बघून टाका. खाली बघू नका. माझ्या टाचंकडं बघा."

"टाचेकडंच बघतेय बाई," लीलाबाई धापा टाकत म्हणाल्या. आवाजातली आठी जरा सैलावली होती.

मागं पडणाऱ्यांना मी "हिर्रर्र" करून हाकलत होते. एका साहेबांनी विचारलं, "हे आम्हालाच का?" सिद्धू मागून म्हणाला, "चालत राहा साहेब, नाहीतर दगड येईल."

वर पोचलो तेव्हा कपारीत बोटभर ऊन उरलं होतं.

मी सगळ्यांना पोटावर झोपवलं आणि बोट दाखवलं. बारा दुर्बिणी वळल्या. त्या बोटभर उन्हात तो लोकरीचा गोळा उठला, दोन्ही पंखांची खुंटं पसरली आणि भुकेलं तोंड उघडलं.

आणि तेव्हाच त्याची आई आली. वरून नव्हे, बाजूनं नव्हे, आमच्या पायाखालून! पाखरू म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट. पण थोरल्या कड्यावर माणूस पाखराच्या वर असतो. तिची भुरी रुंद पाठ आम्हाला वरून दिसली, पंखांच्या टोकांची बोटं एकेक करून वाऱ्यावर टेकत होती, आणि तिची सावली खाली दरीतल्या झाडांवरून सरकत होती. पंखांचा सूं असा आवाज आला. ती कपारीवर टेकली. पिल्लानं तिच्या चोचीत तोंड घातलं. ऊन गेलं.

किती तरी वेळ कुणी उठलं नाही.

लीलाबाईंनी दुर्बीण खाली ठेवली. डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी माझा पदर घेतला. "दहा वर्षं," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं शोधलं गं मी हे." मग माझा हात धरला. "दादासोंना सांग, शब्द पाळलात म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं. "शब्द आबांचा हुता, बाई. पाय माझं हुतं."

त्या हसल्या. "तेही सांग."

मी मान वर केली. त्या दिवशी त्या डोंगरावर माझ्यापेक्षा उंच काही नव्हतं.

*

उतरताना सिद्धू माझ्या बरोबरीनं चालला. प्रत्येक फाट्यावर थांबायचा आणि काड्या-दगड मांडून एकेक खूण विचारायचा.

"आडवी डहाळी म्हणजे बंद. हे आता मेलो तरी विसरणार नाही. आणि दगडावर दगड?"

"जवळ पानी हाय."

"दोन डहाळ्यांची फुली?"

"वाघरू दिसलंय. मेंढरं आवळून आना."

"आणि डहाळीवर दगड?"

मी थबकले. माझी आई आबांसाठी ती खूण ठेवायची. मुक्कामाच्या आधीच्या शेवटच्या फाट्यावर. लहानपणी मी तिला विचारलं होतं, तेव्हा तिनं हसून माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

"ती... ती बायकाच ठिवत्यात."

"पण म्हणजे काय?"

"आता इचारायची लाज वाटत न्हाय व्हय?"

"नाही. सकाळीच सोडली ती, घसरणीत."

"मग कुनाला तरी दुसऱ्याला इचारा," मी म्हटलं आणि घोड्यासारखी पुढं निघाले.

मेटॅडोरमध्ये तो पुढच्या बाकावर बसून मंडळाच्या जाड रजिस्टरात लिहीत होता. मी मागून डोकावले.

"काय लिवताय?"

"कोणते पक्षी दिसले, कुणी दाखवले."

"माझं नाव हाय?"

"सगळ्यात वर." त्यानं पान माझ्यापुढं धरलं. मला काय दिसणार? मुंग्यांच्या रांगा. पण शेवटची रांग सगळ्यांत लांब होती.

"ही येवढी लांब कशाची?"

"तो शेरा." त्यानं रजिस्टर पटकन मिटलं. मान लाल झाली होती. "शेरा म्हणजे... साहेब लोकांनी वाचायचा असतो."

*

मग दर रविवारी तो वस्तीवर येऊ लागला. आबांकडून पाखरांची आमच्यातली नावं लिहून घ्यायची होती म्हणे. आबा नावं सांगत, तो लिही, मी चहा करी. पहिल्या रविवारी बिजली भुंकली. दुसऱ्या रविवारी तिनं त्याचा वास घेतला. तिसऱ्या रविवारी ती त्याच्या पायाशी झोपली आणि मला तिचा राग आला. तिला जे करता येत होतं, ते मला करता येत नव्हतं.

तो मनातलं काही बोलायचा नाही. नावं संपत आली होती. कावळ्याची तीन नावं आबांची सांगून झाली होती. चौथं ते मनानंच रचत होते.

"आबा, पुढल्या रविवारी बहुतेक संपेल," जाताना तो म्हणाला. माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि सायकलवर टांग टाकली.

पुढल्या रविवारी मी अंधारातच उठले. कॅनॉलच्या भरावावर तीन वाटा फुटतात. एक हमरस्त्याला जाते, एक वालचंदनगरला, एक आमच्या वस्तीवर. आमच्या वाटेच्या कडेला मी निरगुडीची डहाळी ठेवली, वाटेच्या अंगानं सरळ. तिच्यावर एक दगड. वाटोळा, तळहाताएवढा, कॅनॉलच्या पाण्यानं धुतलेला. मला काय, मी ठेवला. त्याला कुठं कळणार होतं? बाण समजला तरी वस्तीवरच येईल, असं मनाला सांगितलं आणि घरी आले.

नेहमी नऊला येणारा तो नऊला आला नाही. साडेनऊ झाले. आबांचा चुना मळून झाला, पान खाऊन झालं. मी अंगण दोनदा झाडलं.

मग बिजलीनं कान टवकारले. तो सायकल हातात धरून चालत आला. दुसऱ्या हातात दगड होता.

"हा कुणाचा पडला?" त्यानं विचारलं.

"वाटंवर दगूड पडल्यालंच असत्यात."

"डहाळीवर पडत न्हाईत."

पहिल्यांदाच तो आमच्यासारखं बोलला. माझ्या हातातला केर परत अंगणात सांडला.

"मी बाबांना विचारलं," तो म्हणाला. "त्याच दिवशी. ट्रिपवरनं आल्या आल्या. म्हटलं, डहाळीवर दगड म्हणजे काय? बाबा जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. मग ते बोलायला लागले... मेंढरांचं, घाटाचं, आईनं ठेवलेल्या खुणांचं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. आता रोज बोलतात. झोपू देत नाहीत."

"मग? काय म्हनालं?"

"म्हणाले, असा दगड दिसला की माणसानं कुठं थांबायचं नसतं. पुढं चूल पेटलेली असते. आणि पेटवणारी एकट्या त्याचीच वाट बघत असते."

"पर तुमाला तर उशीर झाला."

"फाट्यावर बसलो होतो. हा दगड हातात घेऊन. गेले तीन रविवार दर खेपेला बघत होतो, असतो का. आज दिसला आणि पायच उचलेना." त्यानं तळहात पुढं केला. "नकोशी... माझ्यासाठीच ठेवलास ना?"

तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता. मी दगडाकडं बघितलं. तो ऊबदार झाला होता, त्याच्या मुठीत.

"चूल काय पेटल्याली न्हाय," मी म्हटलं. "च्या बी ठिवला न्हाय अजून."

"मग पेटव की. मी हाय हितंच."

आतून आबांचा आवाज आला, "आरं, कावळ्याचं चवथं नाव घ्यायचंय का न्हाय? का आता जावयाला कावळा कशाला लागतोय!"

आम्ही दोघंही हसलो. बिजली भुंकली. तिला कशाचंच काही कळलं नव्हतं, पण तिनं ह्याही खेपेला पँटीकडं दुर्लक्ष केलं.

*

लग्नात लीलाबाईंनी मला आहेर म्हणून पाटी-पेन्सिल दिली. "तू मला वाट वाचायला शिकवलीस," त्या म्हणाल्या. पाटी बरीच वर्षं ट्रंकेत पडून राहिली. घर, पोरं, आबांचं म्हातारपण. दोन्ही पोरं शाळेला लागली, तेव्हा मी ती बाहेर काढली आणि लीलाबाईंच्या दारात जाऊन बसले. त्यांचे हात तेव्हा थरथरत होते, पण अक्षर सरळ होतं.

वाचता यायला लागल्यावर मी सगळ्यांत आधी ते जाड रजिस्टर शोधलं. कपाटाच्या वरच्या फळीवर होतं. पान सापडलं. सगळ्यांत वर लिहिलं होतं, 'मार्गदर्शक: नकोशी दादासो देवकाते.' मी त्या नावावरून बोट फिरवलं. मग पाखरांची यादी. कस्तूरपुढं कंसात 'रिकामटेकडा' लिहिलेलं. गिधाड, पिल्लू एक. आणि तळाशी ती लांब रांग, साहेब लोकांनी वाचायची म्हणून माझ्यापासून मिटलेली. मी एकेक अक्षर लावत वाचली.

'शेरा: डहाळीवर दगड म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नाही. त्यासाठी पुन्हा जाणे आवश्यक. जन्मभर जावे लागले तरी हरकत नाही.'

तो बाहेर ओट्यावर दुर्बीण पुसत बसला होता. मी त्याला हाक मारली नाही. पेन्सिल घेतली आणि शेऱ्याच्या खाली, माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं,

'चूल पहाटेपासनं पेटलेली होती.'